बाहेरची कडी

"एक ओळ टाकायची होती साहेब, तुमच्या त्या नव्या नियमांत," पगारे काका म्हणाले.

ते माझ्या टेबलासमोर उभे होते. खुर्ची होती, बसा म्हणालो, तरी बसले नाहीत. सिक्युरिटीचा निळा गणवेश, टोपी काखेत, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. त्यांची बायको हौसाबाई आमच्याच इमारतीच्या बेसमेंटमध्ये, कचराखोलीला लागलेल्या आगीत गेली, त्याला पंधरवडा होत आला होता. त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाला मी गेलो होतो. तिथं ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आलेल्यांना पाण्याचे पेले देत नुसते फिरत होते, जणू कार्यक्रम दुसऱ्या कुणाचा होता.

"कसली ओळ, काका?"

"कचराखोलीचं दार बाहेरून लावू नये."

मी लिहून घ्यायला पेन उचललं. पुढं काही नव्हतं.

"एवढंच?"

"एवढंच. कुठल्याच बिल्डिंगमधलं लावू नये, असं लिहा."

ही गोष्ट मी नाशकात नोकरीला होतो तेव्हाची. आमची कंपनी दुकानं आणि ऑफिसं बांधून भाड्यानं द्यायची. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत तिच्या आठ-नऊ इमारती होत्या. त्यांच्या लिफ्ट, टाक्या, जनरेटर, साफसफाई, पहारा हे सगळं माझ्याकडं असायचं. आग 'त्रिमिती' नावाच्या इमारतीत लागली. तळमजल्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानानं फुगलेल्या बॅटऱ्या रद्दी कागदात टाकल्या होत्या. त्यांतल्या एकीनं पेट घेतला. अग्निशमनवाल्यांनी हेच सांगितलं, पोलिसांनी हेच लिहिलं, आणि ते खरंही होतं.

आमची कचऱ्याची जुनी नियमावली म्हणजे दोन पानांचा कागद. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, सकाळी पिशव्या बाहेर ठेवा. बॅटरीचा उल्लेखच नव्हता. आता सगळ्या इमारतींसाठी नव्यानं नियम लिहायचे ठरले आणि ते काम माझ्याकडं आलं. मीही ते मनापासून घेतलं होतं. हौसाबाईला मी ओळखत होतो.

त्रिमितीचा कचरा ती कितीतरी वर्षं निवडत होती. पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळं, पत्र्याचे डबे वेगळे. मी बेसमेंटमध्ये उतरलो की तिचा आवाज आधी यायचा. "आहेर साहेब, तुमच्या तिसऱ्या मजल्यानं आज पुन्हा कागदात वरण ओतलंय! घरी आईबाप नाहीत का त्यांना?" पगारे काका त्याच इमारतीच्या खालच्या गेटला होते. दुपारी दोघं रॅम्पच्या खाली वर्तमानपत्र अंथरून एकाच डब्यात जेवायची. ती बोलायची, ते ऐकायचे.

"टाकतो ओळ," मी म्हणालो. त्यात अवघड काही आहे असं मला वाटलंच नाही.

"लक्षात ठेवा साहेब," ते म्हणाले, आणि टोपी डोक्यावर घालून गेले.

त्या आठवड्यात मी सगळ्या इमारती फिरलो. कुठं किती डबे लागतील, बॅटऱ्यांची लाल पेटी कुठं ठेवायची, दिवे चालू आहेत का, हे बघत होतो. काकांनी सांगितलं नसतं तर दारांकडं माझं लक्षही गेलं नसतं. प्रत्येक कचराखोलीला बाहेरून कडी होती. एका ठिकाणी कडीला कुलूप लटकत होतं. विचारलं की प्रत्येकाकडं कारण तयार असायचं. कुत्री शिरतात, पुठ्ठा चोरीला जातो, वास येतो. कापडाच्या शोरूमचं गिऱ्हाईक गाडी लावून वर जातं, त्याला ते दृश्य दिसायला नको. सगळी कारणं पटण्यासारखी. आतून मात्र एकाही दाराला मूठसुद्धा नव्हती.

"आतून कशाला लागते साहेब?" एक सुपरवायझर हसून म्हणाला. "कचऱ्याच्या खोलीत कुणी राहतंय का?" मग त्याला आठवलं आणि तो खाली बघायला लागला.

शेवटी त्रिमितीला गेलो. खोलीला चुना मारून झाला होता. नवीन लोखंडी दार बसवलं होतं, राखाडी रंगाचं, आणि त्याला बाहेरून चकचकीत नवी कडी. पगारे काका रॅम्पच्या तोंडाशी उभे होते. आठवड्यातच ते पुन्हा कामावर आले होते.

"ही कडी पुन्हा कुणी लावली?"

"दारासोबतच आली. दुकानदारच बसवून देतो."

मी थोडा जवळ गेलो. "काका, त्या दिवशी दार बाहेरून बंद होतं का?"

तेवढ्यात वर हॉर्न वाजला. ते गेले, शिटी वाजवून गाडी आत घेतली, हातानं मागे-मागे करत जागेवर लावून दिली, आणि परत आले. मला वाटलं प्रश्न विसरले.

"कडी होती साहेब, म्हणून लागली," ते म्हणाले.

"पण लावली कुणी?"

"तुम्ही ओळ टाका. कुणी लावली ते जाऊ द्या."

मला वाटलं, ते कुणाला तरी वाचवताहेत. रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीचा एखादा नवा पोरगा असेल, त्याची नोकरी जाऊ नये म्हणून. पोलिसांच्या कागदात दार उघडं असल्याचं लिहिलं होतं, कारण ते आले तेव्हा उघडंच होतं. मी पुढं विचारलं नाही. परत येऊन ओळ लिहिली. तिला आणखी एक जोडली, की दार आतून उघडता यावं.

आमचे वरिष्ठ रणदिवे साहेब. वाईट माणूस अजिबात नव्हता. हौसाबाईच्या अंत्यविधीला वैकुंठरथाच्या मागं चालत आला होता, त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. माझा मसुदा त्यांनी पेन्सिल हातात घेऊन सावकाश वाचला. मध्ये मध्ये "छान," "हे बरं केलंस," असं म्हणत होते. दाराच्या ओळीशी पेन्सिल थांबली.

"हे काय?"

"कचराखोलीला बाहेरून कडी नसावी, असं."

"का?"

"सर, हौसाबाई…"

"हौसाबाई बॅटरीच्या आगीत गेली. त्यावर तू चार पानं लिहिली आहेस आणि उत्तम लिहिली आहेस. पण ही ओळ वाचणारा पहिला प्रश्न काय विचारेल? म्हणजे आधी लावत होता का? दार बंद होतं असं आजवर कुणी कुठं म्हटलंय?"

"पण होतं ना बंद."

"तुला कुणी सांगितलं?"

मी काकांचं नाव घेतलं नाही.

"हे बघ आहेर, कड्या काढायला माझा विरोध नाही. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी एकेक करून काढून टाकू. पण लिहायचं नाही. लिहिलं की ते आपल्या तोंडून गेलं." आणि त्यांनी त्या ओळीवर पेन्सिल फिरवली. अगदी हलक्या हातानं, शाळेत शिक्षक शुद्धलेखनाची चूक खोडतात तशी.

"पुढची दुरुस्ती कधी आहे, सर?"

"येईल की," ते म्हणाले आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्रिमितीला गेलो. काका रॅम्पखाली एकटेच जेवत होते. वर्तमानपत्र पूर्वीसारखंच दोघांपुरतं अंथरलं होतं. मी त्याच्या कडेला बसलो आणि झालं ते सांगितलं.

त्यांनी डबा बंद केला. अर्धी भाकरी आत तशीच होती.

"मला त्यांच्याकडं न्या."

"काका, ते ऐकायचे नाहीत."

"मी सांगितल्यावर ऐकतील."

"काय सांगणार आहात?"

"तिथंच सांगतो. दोनदा सांगणं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

रणदिवे साहेबांनी वेळ दिली. आढेवेढे घेतले नाहीत, हेही सांगायला हवं. बैठकीच्या खोलीत ते, कंपनीच्या वकीलबाई, मी आणि काका. एसीची थंडी होती. काका आधी उभेच राहिले, मग साहेबांनी हाताला धरून बसवलं तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसले. टोपी मांडीवर ठेवली.

"बोला काका. तुमचीच माणसं आहोत," साहेब म्हणाले.

"त्या दिवशी मी खालच्या गेटला होतो," काकांनी सुरुवात केली. "लाइट गेली होती. जनरेटर चालू होता, त्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. वरून सुपरवायझर वॉकीटॉकीवर बोलला, पगारे, कचऱ्याचं दार कॅमेऱ्यात उघडं दिसतंय, शोरूमचे लोक खाली येताहेत, कडी लाव. रोजचंच होतं ते. मी गेलो. दार उघडं होतं. आत अंधार. तिथला दिवा बरेच दिवस गेलेला होता, मी कळवलं होतं. मला वाटलं, जेवायची वेळ झाली, ती नळावर हात धुवायला गेली असेल."

त्यांनी मांडीवरची टोपी उलटी करून ठेवली.

"हाक मारायला पाहिजे होती. मारली नाही. त्या दिवशी बोलत नव्हतो आम्ही एकमेकांशी. कडी लावली आणि परत गेटला गेलो."

मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. वकीलबाईंच्या समोरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत राहिलो.

"मग धूर आला. पोरं ओरडायला लागली. मी तिला नळावर शोधलं, रॅम्पखाली शोधलं. डबा तिथंच होता, उघडलेला नव्हता. तेव्हा पळालो. दार मीच उघडलं. पहिला मीच पोचलो. कडी तापलेली होती. ती हाताला लागली तेव्हाच मला कळलं."

त्यांनी उजवा पंजा किंचित उघडला आणि पुन्हा मिटला.

रणदिवे साहेबांनी चष्मा काढला. उठून टेबलाला वळसा घालून आले, पेल्यात पाणी ओतलं आणि काकांच्या हातात दिलं. त्यांचे डोळे खरंच भरले होते. मी ते पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

"हे तुम्ही आधी कुणाजवळ बोललात?" वकीलबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"नाही. पोरीलासुद्धा सांगितलं नाही."

"काका, तुम्हाला आमच्याकडून काय हवं आहे?" साहेबांनी विचारलं.

"मला काही नको. ती ओळ पाहिजे. वरून आवाज येतो, कडी लाव. तेव्हा आमच्या हातात काही नसतं साहेब. नाही कसं म्हणायचं? कुठं लिहिलेलं असलं तर म्हणता येईल, नाही लावत, नियम नाही. माझं तर झालं. पुढच्याला म्हणता येईल."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दाराबद्दल लिहू काका. शब्द देतो तुम्हाला."

आम्ही जिना उतरून खाली आलो. लिफ्ट होती, पण काका जिन्याकडं वळले म्हणून मीही वळलो. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. त्यांनी खारी मागितली आणि चहात बुडवून पूर्ण खाल्ली. आग लागल्यापासून त्यांना नीट काही खाताना मी पहिल्यांदाच बघत होतो. चेहरा बराच उतरला होता, पण खांदे सैल झाले होते.

"लिहितील ना, साहेब?"

"शब्द दिलाय त्यांनी."

"हां. शब्द दिलाय." त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग आपणहून बोलायला लागले. "खुर्चीवरून भांडण झालं होतं आमचं. चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसनं एक फिरती खुर्ची टाकून दिली होती. एक चाक गेलेलं, बाकी चांगली. हिला घरी न्यायची होती. मी म्हटलं, लोकांनी टाकलेलं घरात आणू नको. ती म्हणाली, मी जन्मभर लोकांनी टाकलेल्यातच बसले, आता एकदा त्याच्यावर बसू दे. मी म्हटलं, आणलीस तर मी घरी यायचा नाही. एवढंच. त्यावरून बोलणं बंद."

मी विचारायला नको होतं, पण तोंडून गेलं. "मग खुर्चीचं काय झालं?"

"आतच होती. पोत्यांच्या मागं लपवून ठेवली होती तिनं, माझ्यापासून. तिच्यावरच बसली असणार, पाय दुखायचे तिचे. डोळा लागला असेल." त्यांनी गणवेशाच्या बाहीनं तोंड पुसलं. "खुर्चीचा सांगाडा तेवढा उरला होता. तो भंगारात गेला."

त्यानंतर मसुदा वकिलांकडं गेला आणि बरेच दिवस काही कळलं नाही. काका मला भेटायला आले नाहीत, फोन केला नाही. मी त्रिमितीला गेलो की फक्त लांबून हात करायचे. त्या हात करण्यात एक भरवसा होता, तो मला सोसत नसे.

नियमावली छापून आली तेव्हा सुंदर दिसत होती. गुळगुळीत कागद, रंगीत डब्यांची चित्रं, मुखपृष्ठावर हिरवं पान. माझी बॅटऱ्यांची चार पानं जशीच्या तशी होती. मी सरळ शेवटाकडं गेलो. कचराखोलीचं वेगळं कलम होतं. ते मला आजही पाठ आहे.

'कचराखोलीचे दार बाहेरून बंद करण्यापूर्वी आत कोणीही व्यक्ती नाही याची प्रत्यक्ष खात्री करून घेणे, ही संबंधित सुरक्षारक्षकाची वैयक्तिक जबाबदारी राहील.'

मी पुस्तिका घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो.

"सर, हे उलटं झालं."

"उलटं काय? दाराबद्दल लिहीन म्हणालो होतो, लिहिलं."

"त्यांना कडी नको होती."

"कडी काढली की कुत्री, चोऱ्या, गाळेधारकांच्या तक्रारी. मी सगळ्यांशी बोललो आहे. वकिलांचं म्हणणं पडलं की बंद करायला हरकत नाही, पण कुणीतरी बघून बंद केलं पाहिजे. त्यात चूक काय आहे?"

"चूक कुणाची होती ते ठरवून टाकलंत तुम्ही यात."

त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली, मिटली आणि टेबलावर सरळ ठेवली.

"खरं सांगू का आहेर? बघायला पाहिजे होतं ना रे त्यानं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. थकवा होता, वाईट वाटणं होतं. "मी त्याला कामावरून काढलं नाही. पोलिसांकडं गेलो नाही. वकील म्हणत होते जा. याच्यापेक्षा जास्त मी काय करू, सांग."

"मी हे रखवालदारांना वाचून दाखवणार नाही, सर."

"नको वाचूस. एजन्सीचा माणूस वाचेल."

सगळ्यांसमोर उभं राहून काकांनी ते पहिल्यांदा ऐकावं, असं मला वाटेना. मी सरळ त्रिमितीला गेलो. त्यांना रॅम्पखाली नेलं आणि कलम वाचून दाखवलं. कागदी मराठी होती, म्हणून दुसऱ्यांदा सोप्या शब्दांत सांगितलं.

ते ऐकून घेत होते. पहिल्यांदा ऐकतानाच त्यांना सगळं कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"म्हणजे कडी राहणार," ते म्हणाले.

"हो."

"आणि बघायचं आम्ही."

"हो."

"मग मी बघायला पाहिजे होतं."

"काका, तेव्हा असा काही नियम नव्हता. दिवा नव्हता. तुम्हाला वरून सांगितलं होतं."

"आता आहे ना नियम." त्यांनी पुस्तिका हातात घेतली, हिरव्या पानावरून अंगठा फिरवला. "सगळ्या बिल्डिंगमध्ये देणार हे?"

"हो."

"माझ्यामुळं लिहिलं त्यांनी हे. मी तिथं जाऊन सांगितलं म्हणून."

"तुम्ही खरं सांगितलंत."

"खरंच सांगितलं," ते म्हणाले. मग वॉकीटॉकी खरखरला आणि ते गाडी लावायला निघून गेले.

मी काही गोष्टी करून पाहिल्या. अशा दारांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार दिली. अधिकारी आले त्या दिवशी सगळी दारं सताड उघडी होती, लाल पेट्या रांगेत होत्या, ते पुस्तिकेचं कौतुक करून गेले. एका रविवारी मी स्वतः पाना-पेचकस घेऊन त्रिमितीच्या दाराची कडी काढली. काका लांबून बघत होते, जवळ आले नाहीत. मंगळवारी तिथं दुसरी कडी होती, आधीपेक्षा जाड. मला त्याबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

रखवालदारांची बैठक त्रिमितीच्याच पार्किंगमध्ये झाली. एजन्सीचा माणूस ध्वनिक्षेपक लावून एकेक कलम वाचत गेला. पोरं मोबाइलमध्ये बघत होती. काका मागच्या रांगेत टोपी घालून, हात मांड्यांना लावून उभे होते. शेवटचं कलम आलं तेव्हा कुणी त्यांच्याकडं वळून बघितलं नाही, कारण कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी वॉकीटॉकीवर बोललेला सुपरवायझर त्यांच्या शेजारीच होता, तो तेवढा बुटाच्या नाडीशी वाकला. वाचणाऱ्यानं विचारलं, सगळ्यांना समजलं का? सगळे एका सुरात हो म्हणाले. काकाही म्हणाले. त्यांचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

त्या नियमावलीला पुढं कुठल्याशा संस्थेचं पारितोषिक मिळालं. तिच्यातली बॅटऱ्यांची पानं चांगलीच होती. त्यानंतर कंपनीच्या कुठल्याच इमारतीत तसली आग लागली नाही, हेही खरं. मी वर्षभरात नोकरी सोडली आणि संभाजीनगरला गेलो. काका आणखी काही काळ त्रिमितीला होते. मग गाळेधारकांनी त्यांच्याविरुद्ध अर्ज केला, की हा माणूस खाली येणाऱ्या गिऱ्हाइकांना घाबरवतो, आणि एजन्सीनं त्यांना घरी पाठवलं. ते सिन्नरला मुलीकडं गेले आणि तिथंच वारले. मला ते फार उशिरा, एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. घाबरवतो म्हणजे काय करायचे, ते त्याला सांगता आलं नाही. मला माहीत होतं. नोकरी सोडण्याआधीच्या महिन्यात मी ते पाहिलं होतं.

दुपार होती. पंपाचं काहीतरी बघायला मी बेसमेंटमध्ये उतरलो होतो आणि खांबाच्या आडोशाला होतो. वॉकीटॉकीवर आवाज आला, पगारे, दार लावून घे. काका आले. दार लोटलेलं होतं, ते त्यांनी भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. आता आत दिवा होता. लख्ख उजेड होता आणि खोलीत दोन-चार पोत्यांशिवाय काही नव्हतं. उंबऱ्यातून सगळी खोली दिसत होती. तरी ते आत गेले. एकेक पोतं हलवून त्याच्या मागं पाहिलं, वाकून, खाली हात घालून. मग बाहेर येऊन उंबऱ्यात उभे राहिले आणि मोठ्यानं हाक मारली.

"हौसा!"

पार्किंगमध्ये घुमलं ते. शोरूमच्या पिशव्या घेऊन चाललेल्या एक बाई दचकून थांबल्या आणि मग भराभर आपल्या गाडीकडं गेल्या. काकांचं तिकडं लक्ष नव्हतं. मान थोडी कलती करून ते उभे होते, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ लागतो तेवढा वेळ. मग पुन्हा हाक मारली. पुन्हा थांबले.

मी पुढं झालो. "काका…"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओशाळले वगैरे नाहीत.

"बघून लावायचं असतं ना साहेब. लिहिलंय तुमच्यात."

"हो. पण नाव घेऊन…"

"दुसरं नाव येत नाही तोंडात," ते म्हणाले.

त्यांनी दार ओढलं, कडी घातली आणि तळवा तिच्यावर टेकून उभे राहिले. वरून पुन्हा आवाज आला, पगारे, लावलं का? त्यांनी उत्तर दिलं नाही. आवाजानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा शिवी दिली. काका दाराला कान लावून उभेच होते.